एकदाच विचारलं

माझी धाकटी जाऊ हुशार आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर मागून कोणी म्हणेल, जळते म्हणून लपवलं. हुशार आहे, दिसायला नीटस आहे, बोलायला गोड आहे. भाकरी मात्र तिची अजून फुगत नाही. हे शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं, पण आता लिहून झालं, राहू द्या.

आम्ही मेहकरला राहतो, बसस्टँडपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. माझं माहेर रोहिणखेडचं. आमच्याकडे सुनेला तिच्या गावावरून ओळखतात, म्हणून सगळ्या नात्यागोत्यात मी 'रोहिणखेडवाली'. लग्न होऊन आले आणि माझं नाव जे कोपऱ्यात पडलं, ते पुन्हा कोणी उचललं नाही. मिस्टर 'अवं' म्हणतात, लेकरं 'मम्मी' म्हणतात, घरी दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या शिकवणीला येणारी पोरं 'मॅडम' म्हणतात. गॅसवाला सिलेंडर आणतो तेव्हा तोही मिस्टरांचंच नाव पुकारतो. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, लक्षातच आलं नव्हतं.

सासरे, म्हणजे मामाजी, हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. आमच्या वस्तीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले ते पहिले. विहारात कार्यक्रम असला की भाषण त्यांचंच, आणि त्यात एखादं इंग्रजी वाक्य असायचंच. मी लग्नानंतर घरी बसून एम.ए. केलं ते त्यांच्याच जोरावर. दुपारी भांडी आटोपली की ते हाक मारायचे, "ये वं, आन पुस्तक," आणि मी पदराला हात पुसत जायची. कॉलेजात नोकरी लागली नाही, ते रडगाणं वेगळं. पण इंग्रजी कादंबरी वाचताना मधेच हसू येतं, हे मला मामाजींनी शिकवलं.

ज्या बाईच्या कादंबरीनं आम्ही हसायचो ती दोनशे वर्षांपूर्वीची इंग्लंडातली लेखिका. एम.ए.ला तिची एक कादंबरी नेमलेली होती. तिचं नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण आमच्या घरात ते कधी कोणी घेतलं नाही. परगावची बाई घरात राहायला आली म्हणजे तिला गावावरून हाक मारायची, म्हणून ती 'विलायतवाली' झाली. मग तिच्या कादंबरीतल्या माणसांनाही मी गावं वाटून दिली, कारण ती इंग्रजी नावं माझ्या डोक्यात राहत नव्हती. कादंबरीची नायिका गरीब, श्रीमंत मावशीकडे आश्रयाला राहिलेली, पण मान ताठ. ती सुलतानपूरवाली. माझी एक चुलत वहिनी सुलतानपूरची आहे, हुबेहूब तशी. उपाशी राहील पण मागणार नाही. ती मिजासखोर मावशी म्हणजे चिखलीवाली. आणि कमी बोलणारा, पैशानं जड झालेला पाहुणा येतो, ते खामगाववाले. असा माणूस कापसाच्या बाजारातूनच यायचा, दुसरीकडून कुठून येईल?

एम.ए. झालं, वर्षं गेली, मामाजींना काचबिंदू झाला आणि नजर गेली. आता त्यांना उजेड तेवढा कळतो. तेव्हापासून दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना विलायतवाली वाचून दाखवायची. एक परिच्छेद इंग्रजीत, मग त्याचं आपल्या बोलीत. कादंबरी संपली की पहिल्या पानापासून पुन्हा. ते खुर्चीत टेकून बसायचे आणि विचारायचे, "आज काय म्हून राह्यली सुलतानपूरवाली?" मी सांगायची, "चिखलीवालीनं टोमणा मारला, मामाजी. आता हे तोंड उघडते का नाही पाहा." मग आम्ही दोघं हसायचो. मिस्टर ऑफिसातून आले की म्हणायचे, येड्यांचा बाजार. असू दे. दिवसभरात माझी अशी तेवढीच वेळ होती, आणि तेवढं एकच माणूस होतं ज्याला वाटायचं की माझ्या बोलण्यात काही दम आहे.

आणि मग धाकटी आली.

दिराचं लग्न पुण्यात जमलं. मुलगी इंग्रजीत पीएच.डी. करते, हे ऐकून मामाजी खूश. कोणावर करते? तर विलायतवालीवर! मामाजी खुर्चीतून उठून उभेच राहिले. मी चहाचे कप गोळा करत होते.  जगात एवढे लेखक पडलेत, या बयेला माझीच सापडली का?

लग्नानंतर आम्ही एकदा त्यांच्या पुण्याच्या फ्लॅटवर गेलो. तिनं पुलाव केला होता, चांगला झाला होता. पहिलं ताट संपल्यावर तिनं विचारलं, "ताई, अजून घ्या ना." मी म्हटलं, "नको गं, झालं." आता आमच्याकडे पहिलं 'नको' हे नुसतं हात आडवा करण्यापुरतं असतं. समोरच्यानं 'असं कसं, घ्याच' म्हणायचं, आपण पुन्हा 'नाही वो बाप्पा' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा त्यानं वाढून टाकायचं. वाढणाऱ्याचा मान राहतो, खाणाऱ्याचाही राहतो. धाकटीनं काय केलं? "ओके," म्हणाली आणि पातेलं उचलून आत घेऊन गेली! मी ताटाकडे पाहत बसले. रात्रभर पोटात कावळे. मिस्टर म्हणाले, "मंग सांगायचं ना, पायजे म्हून." आता काय बोलावं या माणसाला! असं सांगतं का कोणी?

पुढे दिराची मेहकरच्या बँकेत बदली झाली आणि तिला गावातल्याच कॉलेजात नोकरी लागली. हो, त्याच कॉलेजात, जिथं मला लागली नव्हती. आली त्याच आठवड्यात ती आमच्या दुपारच्या वाचनाला येऊन बसली, खाली सतरंजीवर, मांडी घालून. मी वाचत होते. सुलतानपूरवाली नि खामगाववाले पहिल्यांदा समोरासमोर येतात तो प्रसंग. चिखलीवालीच्या दिवाणखान्यात सगळे बसलेत, मोलकरीण चहा घेऊन येते, ठेवते, जाते. मी आपली पुढच्या ओळीवर, कारण खरी गंमत पुढं आहे, तिच्या त्या पहिल्या उत्तरात.

"ताई, एक मिनिट," धाकटी म्हणाली. "ही चहा घेऊन आली, हिला नाव का नाही?"

मी म्हटलं, "कोणाला?"

"या मोलकरणीला. पूर्ण कादंबरीत ती किती वेळा येते. दारं उघडते, शेकोटी पेटवते, निरोप आणते. लेखिकेनं कुत्र्याला नाव दिलंय, हिला नाही. आता या कादंबऱ्या अशाही वाचतात. कोण बोलतं हे नाही, कोणाला बोलूच दिलेलं नाही, हे बघायचं."

मी म्हणणार होते की बाई, चहा गार होऊन राह्यला. पण मामाजी खुर्चीत सरळ झाले.  मग म्हणाले, "माही माय गावात एका मोठ्या घरी शेणगोठा करे. आयुष्य गेलं तिचं तिथं. त्या घरात तिले कोणी नावानं नाही बोलावलं. 'ए बाई', बस. मले तर वाटते त्याईले तिचं नाव मालूमच नव्हतं."

धाकटीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. आजेसासूबाईंना मी पाहिलेलं नाही. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? इतकी वर्षं मी या माणसाला वाचून दाखवते आहे, त्यांचं पथ्य सांभाळते आहे, डोळ्यांत थेंब घालते आहे, आणि ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. काल आलेल्या पोरीनं एक प्रश्न विचारला आणि तिला मिळाली. जळजळ झाली नुसती.

त्या दिवसापासून माझं वाचन तिच्याकडे गेलं. कोणी घेतलं नाही हो, गेलं. मामाजीच म्हणाले, "धाकटीले वाचू दे आज, तुले तेवढाच आराम." आराम! मी स्वयंपाकघरात कणीक मळत बसायची आणि खिडकीतून ऐकायची. ती एक ओळ वाचायची आणि दहा मिनिटं बोलायची. चिखलीवालीची एवढी इस्टेट कुठून आली? ही अंगावरची मलमल, तिचा कापूस कोणी वेचला, सूत कोणी काढलं? मामाजी म्हणायचे, "आपल्या खामगावचा असंन!" ती म्हणायची, "त्या काळी इथूनच गेला असेल असं मी म्हणणार नाही मामाजी, पण कापूस तिकडे उगवत नव्हता, हे नक्की. कोणाच्या तरी शेतातून गेलाच." मग मामाजी इंग्रजांच्या जिनिंगपासून जे सुरू व्हायचे ते चहा दोनदा गरम करावा लागायचा. माझ्याशी बोलताना ते हसायचे. तिच्याशी बोलताना भांडायचे. मला आधी वाटलं, हसणं मोठं. मग कळलं की मामाजींना भांडायला कोणीतरी पाहिजे होतं, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी काही हातावर हात धरून बसणारी नाही. मी मोबाइलवर विलायतवालीविषयी जे जे सापडेल ते वाचायला लागले. चपात्या लाटता लाटता, भाजी शिजेपर्यंत. बाप्पा रे, काय काय लिहितात! एक जण म्हणतो, कादंबरी पैशाची आहे. दुसरी म्हणते, शरीराची आहे. तिसरा म्हणतो, लेखिका जे बोलत नाही तेच ऐका. एका रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना मी मुद्दाम घसा साफ केला आणि म्हटलं, "मला वाटतं, विलायतवालीच्या लेखनात वासाहतिक दृष्टी आहे."

मामाजी म्हणाले, "म्हंजे कसं वं?"

मी म्हटलं, "म्हणजे... तसंच." आणि वरण वाढायला घेतलं. धाकटी लगेच मदतीला धावली, "ताईंना असं म्हणायचंय की," आणि तिनं माझं वाक्य असं काही उलगडून दाखवलं की मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वा!" तो 'वा' माझ्या नावावर आणि मिळकत तिची. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मदत करणाऱ्या शत्रूसारखं वाईट काही नाही.

एकदा मात्र मी तिला धरलं होतं. खामगाववाले सुलतानपूरवालीला लग्नाचं विचारतात, ती नाही म्हणते, आणि हा भला माणूस टोपी उचलून चालू लागतो. मग अर्धी कादंबरी त्याचा पत्ता नाही. हा प्रसंग धाकटी वाचत असताना मी खिडकीतूनच ओरडले, "काय माणूस आहे! एकदा विचारलं आणि निघाला! आमच्याकडे चहासुद्धा कोणी पहिल्या बोलावण्याला पीत नाही."

धाकटी हसली. म्हणाली, "ताई, नेमकं हेच महत्त्वाचं आहे. त्या सगळ्या घरात तिचं 'नाही' हे 'नाही' म्हणून ऐकणारा तो एकटा आहे. बाकीचे म्हणतात, लाजते, नखरे करते. आजच्या स्त्रीवादी टीकाकारांना हा माणूस म्हणून तर आवडतो."

"लग्नाचं तू म्हणतेस ते बरोबर," मी म्हटलं. "तिथं नाही म्हणजे नाहीच. पण सगळंच काही लग्न नसतं. काही ठिकाणी दुसऱ्यांदा विचारावंच लागतं."

"कुठं विचारायचं आणि कुठं नाही, हे कोण ठरवणार?"

मामाजी म्हणाले, "धाकटीचं बरोबर हाय." झालं. निकाल लागला.

उन्हाळ्यात तिनं एक नवंच काढलं. म्हणाली, आता टीकेत असंही मानतात की कादंबरीचा अर्थ पुस्तकात नसतो, वाचणाऱ्यात असतो. कोण वाचतं, कुठं बसून वाचतं, कशासाठी हसतं, हे तपासायचं. आणि मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही पात्रांना गावांची नावं दिलीत ना, ते किती भारी आहे! मला ते तुमच्याकडून नीट ऐकायचंय." मी आधी आढेवेढे घेतले. तिनं आग्रह केला! पहिल्यांदाच. मला वाटलं, सुधारली बाई. मग तीन-चार दुपारी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर मोबाइल ठेवून बसली आणि मी बोलत सुटले. सुलतानपूरवाली अशी काऊन, चिखलीवालीच्या अंगावर मी कोणती साडी पाहते, खामगाववाल्यांचा आवाज माझ्या कानात कसा येतो. मी नक्कल करून दाखवली. ती हसून लोळली. खरं सांगते, त्या दुपारी मला ती आवडली होती. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी भाकरी थापत होते. तिनं विचारलं, "ताई, याच्यावर मी पेपर लिहिणार आहे. संशोधनात परवानगी घ्यावी लागते. तुमचं नाव घालू का?"

माझं नाव! छापून! माझा हात परातीतच थांबला. आणि तोंडातून काय आलं? "नको गं. माह्या नावाचं काय एवढं."

मी वाट पाहत होते. भाकरी फिरवली, काठ नीट केले, पुन्हा फिरवली. ती म्हणाली, "बरं. तुमच्या निर्णयाचा मी आदर करते," आणि मोबाइल उचलून गेली. पुलावाचं पातेलं गेलं तसं! आदर करते म्हणे. नुसता आदर करून गेली. ती भाकरी तव्यावर करपली, ती मी तिच्याच ताटात वाढली.

दिवाळीनंतर कॉलेजात चर्चासत्र होतं. विद्यापीठातले लोक येणार, धाकटीचा पेपर. मामाजी म्हणाले, मी येणारच. त्यांचा हात धरून मी घेऊन गेले आणि आम्ही पहिल्या रांगेत बसलो. स्वागतं झाली, शाली झाल्या, नारळ झाले, अध्यक्षांचं घसा खाकरणं झालं. मग धाकटी उभी राहिली. निळ्या काठाची साडी नेसली होती. पदराला पिन मीच लावून दिली होती घरून निघताना.

तिनं सुरुवात इंग्रजीत केली, मग मराठीत आली. विलायतवालीकडे आजवर कोणकोणत्या वाटांनी लोक गेले ते तिनं सांगितलं. आधी शैली आणि उपरोध बघणारे, मग पैसा आणि वर्ग बघणारे, मग स्त्रिया, मग साम्राज्य. कुठं अडखळली नाही. आणि मग म्हणाली, "पण या सगळ्यांत एक वाचक राहून गेली. विदर्भातल्या तालुक्याच्या गावातली एक गृहिणी."

गृहिणी. एम.ए. फर्स्ट क्लास कुठं गेलं? शिकवणी कुठं गेली?

"ही वाचक पात्रांची नावं घेत नाही," धाकटी सांगत होती. "ती त्यांना माहेराची गावं देते." आणि तिनं सुलतानपूरवालीची गोष्ट सांगितली. चिखलीवालीच्या साडीसकट. खामगाववाल्यांचा आवाजही काढला, माझ्यासारखाच, तिथंच थांबून, तिथंच मान वळवून. सगळा हॉल हसला. विद्यापीठातल्या पाहुण्यांनी टेबलावर थाप मारली, "वा, काय निरीक्षण आहे!" पोरं मोबाइलवर शूट करायला लागली. माझे शब्द होते ते. माझी नक्कल, माझी वहिनी, माझी दुपार. आणि लोक बघत होते तिच्याकडे.  मला वाटत होतं उठावं आणि पदराची पिन काढून घ्यावी.

मामाजी माझ्याकडे कलले. "चांगलं मांडून राह्यली पोरगी."

"हाव," मी म्हटलं.

"पण हे बाई कोण हाय वं? आपल्यासारखंच करते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मीच ना, मामाजी. दुसरं कोण राहीन?"

"तू?"  तेवढ्यात पेपर संपला, टाळ्या वाजल्या. मग हळूच म्हणाले, "मंग तुहं नाव काऊन नाही घेतलं? चहावालीले नाव नाही म्हून तर मायासंग महिनाभर बोलली हे."

अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? मी हात वर करून उभी राहिले. माइक माझ्यापर्यंत आला तेव्हा मला वाटलं छान इंग्रजीत विचारावं, वाक्य डोक्यात तयारही होतं. पण माइक तोंडाशी आला आणि इंग्रजी पळालं.

"मॅडम," मी माझ्या जावेला म्हटलं, "तुम्ही म्हणता, कादंबरीत चहा देणाऱ्या बाईला नाव नाही, हा लेखिकेचा दोष. मग तुमच्या पेपरातल्या या बाईला नाव काऊन नाही?"

 पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. धाकटीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पण ती खोटं बोलणारी नाही, हे मला मान्य करावं लागतं. म्हणाली, "मी विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं."

"एकदाच विचारलं!"

माझा आवाज माइकमधून असा काही आला की मागच्या रांगेतली पोरं दचकली. मीही दचकले. पण आता मागं कुठं जाणार? म्हटलं, "दोनशे वर्षांपूर्वीची बाई जे बोलली नाही, ते तुम्हाला ऐकू येतं. मी तुमच्यासमोर भाकरी थापत होते, माझं नाही ऐकू आलं? दोनदा फिरवली मी ती भाकरी. तुमची वाट पाहत होते."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. धाकटी पोडियमला धरून उभी होती. कागद तिनं खाली ठेवले. तिच्या कपाळावर ती आठी आली, जी अवघड ओळ वाचताना येते. मी ती आठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा पाहिली होती. ती आज माझ्यासाठी आली.

"ताई," ती माइकमध्ये म्हणाली, आणि आता सगळ्यांना कळलं की आम्ही कोण. "तुमचं नाव घालू का?"

आणि माझ्या तोंडातून, आई शप्पथ, आपोआप निघालं, "जाऊ दे गं, राहू दे आता."

हॉलमध्ये हशा पिकला. अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "चला, मग मिटलं. पुढचा प्रश्न," आणि एक पोरगी माइक न्यायला माझ्याजवळ आली. मी माइक सोडला नाही. घट्ट धरून ठेवला आणि धाकटीकडे पाहत राहिले. तोंडानं काही म्हणणं शक्यच नव्हतं. ते माझ्यात नाहीच. मामाजींनी माझा हात दाबला.

धाकटी म्हणाली, "नाही सर, पुढचा प्रश्न नाही. अजून झालेलं नाही." मग माझ्याकडे वळून, पुण्याच्या त्या पोरीनं, मोडक्यातोडक्या आमच्या बोलीत, "असं कसं ताई? घालाच लागते. सांगा बरं."

मी उभी होतेच, आणखी ताठ झाले. नाव सांगितलं. माझं, मग वडलांचं, मग रोहिणखेड. मिस्टरांचं घ्यायचं राहून गेलं, ते घरी गेल्यावर फुगले. तिनं पेन उघडलं आणि सगळ्यांसमोर कागदावर लिहिलं.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "मॅडमनी आज संशोधनातला प्रामाणिकपणा काय असतो ते दाखवून दिलं." म्हणजे टाळ्या परत तिलाच! घ्या. जेवणाच्या वेळी विद्यापीठातले पाहुणे तिच्याभोवती, आणि मी मामाजींना वरणभात कालवून देत होते. आता दुपारी आम्ही तिघं बसतो. पण ती कॉलेजातून यायची असली तर मामाजी अजून म्हणतात, "थांब जरा, धाकटीले येऊ दे." मी थांबते, आणि अजून जळते. लपवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नावापायी भर हॉलमध्ये एवढा तमाशा केला, आणि इथं इतकं सगळं लिहिलं त्यात कुठंच नाव नाही. बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही तरी कुठं विचारलंत? एकदासुद्धा नाही.